मॅडम, गुरुत्वाकर्षण ३९ आलं! : मोबाईलवर फिजिक्सची प्रॅक्टिकल घेतल्याचा माझा अनुभव

आधीच सांगते, मी मोबाईलप्रेमी वगैरे अजिबात नाही. २०२० च्या मार्चपर्यंत वर्गातल्या मोबाईलशी माझा संबंध एवढाच, की कुणाचा वाजला तर काढून घ्यायचा आणि तास संपला की परत द्यायचा. आमच्या कॉलेजात तर गेटवरच पाटी होती, आवारात मोबाईल वापरताना आढळल्यास जप्त, आणि एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, सरांच्या टेबलाच्या खालच्या खणात कायम तीनचार फोन पडलेले असायचे, पालकांना घेऊन ये मग मिळेल. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, मी तिथे सीएचबीवर फिजिक्स शिकवते, म्हणजे तासावर पैसे आणि तेही येतील तेव्हा, पण तो विषय काढला तर आज संपणार नाही.

मार्चमध्ये कॉलेज बंद झालं तेव्हा वाटलं पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. एफवायची, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाची, प्रॅक्टिकल अर्धी राहिली होती, जर्नल म्हणजे प्रयोगवह्या माझ्याच कपाटात पडून. मग जून आला, जुलै आला, तीच पोरं एसवायला गेली आणि वरून निरोप आला की ऑनलाईन सुरू करा. कसं करा ते कुणी सांगितलं नाही, सांगणाऱ्यालाही माहीत नसणार.

पहिला महिना नुसती फजिती. स्टँड नव्हता, म्हणून पोह्याचे दोन डबे समोरासमोर ठेवून त्यावर लाकडी फुटपट्ट्या आडव्या टाकल्या, त्यावर मोबाईल पालथा, खाली वही, आणि मी वहीत लिहीत लिहीत बोलायचे. फुकटातलं ॲप चाळीस मिनिटांनी मीटिंग बंद पाडायचं, परत लिंक टाकली की निम्मी पोरं यायचीच नाहीत. तशी आधीही निम्मीच असायची. कारण साधं होतं, वरच्या अंगाच्या वाड्यांना रेंज नाही, देवळाच्या माळावर गेलं तरच मिळते, आणि दिवसाला दीड जीबी डेटा त्यात धाकट्या भावाची दहावी. एका पोरीने सांगितलं, मॅडम फोन पप्पांचा आहे, ते सकाळी दूध घालायला गेले की अकराला येतात. माझं लेक्चर दहाला! मी महिनाभर रोज तिची गैरहजेरी मांडत होते.

मग मी लाईव्ह घेणंच सोडून दिलं. दहा मिनिटांचा ऑडिओ, सोबत वहीच्या पानांचे फोटो, व्हॉट्सॲपवर टाकायचे, ज्याला जेव्हा फोन मिळेल तेव्हा ऐकेल. आठवड्यातून एकदा रात्री नऊला शंका विचारायला मीटिंग, कारण नऊ वाजता घरातले फोन मोकळे असतात. हे बरं चाललं. पोरं म्हणायची मॅडम तुमचा आवाज गोठ्यात शेण काढताना ऐकतो. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

पण प्रॅक्टिकलचं काय? थिअरी ऑडिओवर होते, प्रॅक्टिकल कशी होणार? बऱ्याच ठिकाणी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, सरांनी रीडिंग व्हॉट्सॲपवर पाठवली, पोरांनी जर्नलमध्ये उतरवली, झालं सर्टिफाय. मीसुद्धा एक प्रॅक्टिकल तसंच केलं, खोटं कशाला बोलू. ३८ जर्नलमध्ये एकच उत्तर, दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत तेच. तपासताना स्वतःचीच लाज वाटली.

तेव्हा माझ्या एमएस्सीच्या मैत्रिणीने फायफॉक्सचं सांगितलं. हे जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठातल्या फिजिक्सवाल्यांनी २०१६ साली काढलेलं ॲप, फुकट आहे, जाहिराती नाहीत. आपल्या फोनमध्ये सेन्सर असतात ना, फोन आडवा केला की स्क्रीन आडवी होते ती ॲक्सिलरोमीटरमुळे, नकाशातला बाण फिरतो त्यात मॅग्नेटोमीटर असतो, शिवाय फोन किती वेगाने फिरतोय ते मोजणारा गायरोस्कोप, माईक, उजेडाचा सेन्सर, हे ॲप त्या सगळ्यांची रीडिंग आपल्याला सरळ आकड्यात आणि ग्राफवर दाखवतं. मी इन्स्टॉल केलं आणि फोन टेबलावर ठेवला, तर तिसऱ्या अक्षावर ९.७ ते ९.८ च्या मध्ये आकडा थरथरत होता. टेबलावर नुसता पडलेला फोन जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा ९.८ च्या आसपासचा आकडा, दाखवतोय! बारा वर्षं शिकवतेय, पण त्या दिवशी सासूबाईंना हाका मारून दाखवलं. त्या म्हणाल्या बरं, कुकरची शिट्टी झाली का बघ.

तर पहिलं प्रॅक्टिकल ठरवलं साध्या लंबकाचं, एफवायला राहून गेलेलं. ॲपमध्ये लंबक म्हणून प्रयोग तयारच आहे, फोनच दोरीला टांगायचा, झोका द्यायचा, तो आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला (जाऊन परत यायला) लागणारा वेळ, सांगतो, लांबी टाकली की जी पण काढून देतो. सूचना पाठवल्या, खूश होऊन झोपले. सकाळी ग्रुपवर मेसेजचा पाऊस, मॅडम तो प्रयोग दाबलाच जात नाही, मॅडम सेन्सर नाही म्हणतोय. शोधल्यावर कळलं, तो प्रयोग गायरोस्कोपवर चालतो आणि सातआठ हजारांच्या फोनमध्ये कंपन्या गायरोस्कोप घालतच नाहीत. आमच्याकडे बहुतेक फोन तेच. ॲक्सिलरोमीटर मात्र सगळ्यांत असतो. मग म्हटलं ठीक आहे, ॲक्सिलरोमीटरचा ग्राफ लावा, फोन झोके घेऊ दे, लाटा मोजा, लाटेपासून लाटेपर्यंत किती वेळ ते बघा, तोच आवर्तकाल.

इथे मीच चुकले होते, पण ते कळायला दोन दिवस गेले.

दुसरी अडचण जास्त मोठी, घरचे फोन टांगू देईनात. बरोबरच आहे, घरात एक फोन, तो पण हप्त्यावर घेतलेला, तो दोरीला बांधून झोके द्यायचे म्हणजे काय. एकीने मोजा वापरला, एकाने दुधाची पिशवी. सगळ्यात भारी डोकं त्या दूधवाल्या पप्पांच्या पोरीचं, तिने आज्जीची चंची घेतली, पानसुपारीची कापडी, त्यात फोन बरोब्बर उभा बसतो, तोंडाला नाडी असतेच, ती नाडी सुतळीला आणि सुतळी पडवीच्या तुळईला. व्हिडिओ पाठवला तर त्यात मागे आज्जी ओरडतेय, माझा चुना सांडशील.

आणि मग तिचा व्हॉइस मेसेज, मॅडम, गुरुत्वाकर्षण ३९ आलं!

मी म्हटलं लांबी चुकली असेल. तिने परत केलं, परत ३९. दुसऱ्या एकाचं ३८.६. तिसऱ्याचं ४० च्या वर. सगळेच कसे चुकतील, आणि तेही एकाच बाजूला? मग मी स्वतः स्वयंपाकघराच्या दारात फोन टांगला. ८० सेंटिमीटर लांबी, एवढ्या लंबकाला एका पूर्ण आवर्तनाला साधारण १.८ सेकंद लागायला पाहिजेत, ग्राफवर लाटा येत होत्या ०.९ सेकंदाला. बरोब्बर निम्म्या. जी काढताना आवर्तकालाचा वर्ग छेदात येतो, म्हणून काळ निम्मा झाला की जी चौपट. ९.७८ ची चौपट ३९.१२.

पण निम्मा का? हे मी पोरांनाच विचारलं, रात्रीच्या मीटिंगमध्ये. कुणी म्हणे ॲप खराब, कुणी म्हणे फोन स्वस्तातला. शेवटी ती चंचीवालीच बोलली, आणि कशावरून कळलं तर म्हणे झोपाळ्यावरून. मॅडम झोपाळ्यावर बसल्यावर खाली आलं की अंग जड होतं ना, ते जाताना पण होतं आणि येताना पण होतं. संपलं! दोरीच्या दिशेचा ताण मधोमध सगळ्यात जास्त असतो, आणि एका आवर्तनात लंबक मधून दोनदा जातो, म्हणजे एका आवर्तनाला लाटा दोन. हे पुस्तकात असतं पण इतकी वर्षं शिकवताना मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता, कारण लॅबमध्ये आपण स्टॉपवॉच घेऊन वीस झोके मोजतो आणि जी ९.८ येईपर्यंत रीडिंग हळूच सरकवतो. सरकवतो की नाही? प्रामाणिकपणे सांगा.

नंतर त्यातले बारकावे निघत गेले. एका ग्रुपचं जी ८.८ यायला लागलं, तर त्यांनी नुसती सुतळी मोजली होती, ७२ सेंटिमीटर, आणि फोनचा मध्य त्याच्याही खाली आठ सेंटिमीटरवर. मधापर्यंत ८० धरल्यावर ९.७८. आपल्या भागात जी तेवढाच असतो, विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे ९.८१ नाही येत, हे पण त्या निमित्ताने सांगता आलं. मी जर्नलमध्ये एक नवीन रकाना घातला, 'काय चुकलं आणि कसं कळलं'. त्या वर्षी पहिल्यांदा सगळ्या जर्नलची उत्तरं वेगवेगळी आली, तपासायला तिप्पट वेळ लागला.

आवाजाच्या वेगाचं प्रॅक्टिकल मात्र कॉलेज उघडल्यावर मैदानावर घेतलं, २०२१ च्या ऑक्टोबरनंतर. यात दोन फोन लागतात. ॲपमध्ये आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे, पहिल्या आवाजाला सुरू, दुसऱ्याला बंद. दोन फोन दहा मीटर अंतरावर ठेवायचे, पहिल्या फोनजवळच्याने टाळी वाजवली की दोन्ही घड्याळं सुरू होतात, पण लांबच्या फोनला टाळी उशिरा पोचते, मग दुसरा टाळी वाजवतो, आता पहिल्याला उशिरा पोचते. दोन्ही वेळांची वजाबाकी म्हणजे आवाजाला वीस मीटर जायला लागलेला वेळ. मधली टाळी कधी वाजवली याच्याशी काही देणंघेणं नाही, हे मला अजूनही फार सुंदर वाटतं. आमची एक जोडी, एका फोनवर २.४१८, दुसऱ्यावर २.३६१, फरक ०.०५७, वीस भागिले ते, ३५१ मीटर दर सेकंदाला. ऊन मी म्हणत होतं, तीस अंश तरी असेल, त्या तापमानाला ३४९ च्या आसपास यायला पाहिजे. सुतळी आणि टाळ्यांवर आणखी काय पाहिजे?

पण ते असं पहिल्या झटक्यात आलेलं नाही हां. आधी तासभर कावळे. कावळा ओरडला की स्टॉपवॉच सुरू, रस्त्यावरून ऊसाचा ट्रॅक्टर गेला की बंद. आवाजाची मर्यादा वाढवली तर टाळी ऐकू जाईना, शेवटी लॅबमधल्या मामांनी दोन स्टीलची ताटं आणून दिली, चमच्याने वाजवायला. आणि एका जोडीला सारखं ४३६ येत होतं. मी बघत उभी राहिले तर दोघंही फोनच्या पुढे एक-एक पाऊल, म्हणजे चांगलं मीटरभर, आत येऊन ताट वाजवत होते, मग दहा मीटरचे खरे आठच झाले. फोनच्या मागे उभे राहा म्हटलं, लगेच ३५० च्या घरात. एचओडी सर व्हरांड्यात उभं राहून बघत होते. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो मात्र मागितले, नॅकच्या, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फाईलला आयसीटीखाली, म्हणजे तंत्रज्ञान वापरून शिकवणं या सदरात, लावायला, आणि फोटोत गेटवरची जप्तीची पाटी येणार नाही असे बघून द्या म्हणाले.

सगळंच जमलं असं समजू नका. मॅग्नेटोमीटरचं प्रॅक्टिकल सपशेल पडलं, लोखंडी टेबलांवर एकाचंही रीडिंग दुसऱ्याशी जुळेना, कव्हरला चुंबक असलेले फोन तर काहीही दाखवायचे. ज्यांच्याकडे फोनच नाही अशी चारपाच पोरं कायम दुसऱ्याच्या ग्रुपात, त्यांना मी कितीही म्हटलं तरी हात लावायला संकोच वाटायचा, पडला तर भरून कोण देणार. शेवटी माझा जुना फोन, स्क्रीनला तडा गेलेला, लॅबलाच ठेवून दिला. सेन्सरना तडा चालतो. आणि फोन हातात असला की अधेमधे रील बघितली जाणारच, त्यावर उपाय मला सापडलेला नाही, मी एअरप्लेन मोड लावायला सांगते, ते लावल्यासारखं करतात.

एक गोष्ट उशिरा कळली. ॲपमध्ये रिमोट ॲक्सेसची सोय आहे, तो चालू केला की झोके घेणाऱ्या फोनचा ग्राफ लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये दिसतो, दोन्ही एका वायफायवर पाहिजेत फक्त. इंटरनेट लागत नाही, नुसता हॉटस्पॉट पुरतो. मग प्रोजेक्टर लावून सगळ्या वर्गाला एकदम दाखवता येतं. हॉटस्पॉट मामांचा. त्यांच्या फोनचं नाव काय होतं ते इथे लिहीत नाही, पण पासवर्ड टाकताना वर्ग दोन मिनिटं हसत असायचा.

२०२२ च्या उन्हाळ्यात ती बॅच टीवायला होती आणि चंचीवाल्या पोरीने प्रोजेक्टच घेतला होता, स्वस्त फोनच्या ॲक्सिलरोमीटरवर जी किती अचूक येतो. बाहेरून आलेले एक्स्टर्नल सर तसे जुन्या वळणाचे, प्रोजेक्ट म्हणजे काहीतरी सर्किट पाहिजे या मताचे. त्यांनी पानं चाळली, आणि पहिल्याच टेबलावर बोट ठेवलं. हे काय, जी ३९? चुकीचं रीडिंग कापायचं सोडून छापलंय? मला वाटलं आता घाबरेल. ती म्हणाली सर ते चुकीचं नाहीये, करून दाखवू का. सर म्हणाले दाखव. तिने आपला फोन काढला तर बॅटरी संपलेली. मी माझा द्यायला उठले, तेवढ्यात सरांनीच खिशातून स्वतःचा काढला, नवाकोरा, कव्हरसुद्धा नव्हतं अजून.

"पडणार नाही ना गं?"

"नाही सर," म्हणाली, आणि दप्तरातून चंची काढली.