माझा अनुभव : धारेच्या दगडांवरचा '१२००'

दगडावर १२०० लिहिलंय, ते कुठल्या मापाने? एवढा एकच प्रश्न मी विक्रेत्याला चार वेळा विचारला. चारही वेळा उत्तर आलं, "सर, एकदम बेस्ट क्वालिटी आहे." अजून राग जात नाही.

सुरी चिमट्यात धरून दांडीवरचा दगड ठरलेल्या कोनात फिरवायचा, असं धार लावायचं स्टँड मी घेतलं. ४०० आणि १००० चे जपानी मापाचे दगड होतेच. आकडा जितका मोठा, तितका दगडाचा कण बारीक. शेवटचा हात म्हणून १२०० चा दुसऱ्या कंपनीचा मागवला. आईच्या भाजीच्या सुरीवर १००० पर्यंत धार सुरेख आली होती. १२०० फिरवला आणि चकाकी गेली, धार धुरकट झाली. दोन संध्याकाळी मी स्वतःच्या हातालाच दोष दिला. दाब कमी केला, पाणी वाढवलं, परत १००० पासून सुरुवात केली. तेच!

शेवटी घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग लावून पाहिलं. १२०० चे ओरखडे १००० पेक्षा खोल होते.

मग मापांचे तक्ते काढून बसलो. जपानी मापात १००० म्हणजे साधारण ११.५ मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) कण. १२०० मात्र जपानी मापात ९.५, युरोपातल्या पॉलिश पेपरच्या 'पी' मापात १५.३ आणि तिथल्याच दगडांच्या 'एफ' मापात ३ मायक्रॉन. आकडा एकच, कण पाचपट लहानमोठा! माझा दगड 'पी' मापाचा असणार. म्हणून कळकळीने सांगतो, ग्रिट, म्हणजे दगडावरचा हा आकडा, विचारूच नका, मायक्रॉन विचारा. शॅप्टन या जपानी कंपनीच्या काचेवर बसवलेल्या दगडांवर तो छापलेलाच असतो. सांगता येत नसेल त्याच्याकडून घेऊ नका. पुढचा दगड आधीच्याच्या साधारण निम्म्या मायक्रॉनचा असला की आधीचे ओरखडे नीट निघतात.

हो, जाडीचं राहिलंच. नवा दगड आधीच्यापेक्षा ३ मिलिमीटरने जाड निघाला आणि खुंटीपासून (दांडी जिच्यावर फिरते ती) धार २० सेंटिमीटरवर असली, तर कोन जवळपास एक अंशाने बदलतो. दगड बदलला की धारेवर काळा मार्कर फिरवायचा, दोन हात मारायचे आणि शाई कुठली निघाली ते बघायचं. अगदी धारेच्या कडेची शाई राहिली तर खुंटी किंचित वर.

साध्या स्टेनलेसच्या सुरीला ॲल्युमिनियम ऑक्साइडचे दगड पुरतात. एस३०व्ही सारख्या व्हॅनेडियमच्या पोलादाला मात्र डायमंड प्लेट घ्या, त्यातले कार्बाइडचे कण या दगडांपेक्षा कठीण असतात. आणि खरखरीत दगडावर घाई नको. धारेच्या पलीकडच्या बाजूला, टाचेपासून टोकापर्यंत, बोटाला खरखर लागल्याशिवाय पुढचा दगड उचलायचा नाही.

विक्रेत्याने दगड परत घेतला नाही. आता मी तो ४०० आणि १००० च्या मध्ये वापरतो. ४०० चा कण ३० मायक्रॉनचा, त्यामुळे तिथे तो बरोबर बसतो. परवा आईने पिकलेला टोमॅटो नुसत्या सुरीच्या वजनाने कापला.