वीट

अण्णा गेल्यापासून पद्मिनी गोठ्यात उभी होती. नऊ वर्षं. गोठा हे नुसतं नाव उरलंय. म्हशी गेल्या आणि त्यांच्या जागी १९८२ची ही फिकट निळी गाडी आली, मुंबईत कुर्ल्याला तयार झालेली. सरकारी नियमात व्हिंटेज म्हणवून घ्यायला पन्नाशी ओलांडावी लागते. म्हणजे आमच्या बाई कौतुक व्हायला लहान आणि धावायला म्हाताऱ्या.

माझा बेत सोपा होता. नवी बॅटरी आणायची, चोक ओढायचा, किल्ली फिरवायची. मिस्त्रींनी आल्या आल्या किल्ली मागून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"साहेब, सेल्फ मारायचा न्हाई. सिलिंडर कोरडी पडल्यात."

चारही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडलं आणि रात्रभर तसंच राहू दिलं. सकाळी पुलीच्या नटाला पाना लावून त्यांनी इंजिन हातानेच फिरवलं. आधी हटून बसलं, मग सुस्कारा टाकून फिरलं. १०८९ सीसीचा तो सुस्कारा ऐकून मी एवढा खूश झालो, की मिस्त्रींना दोनदा चहा पाजला.

खरा घोळ पेट्रोलचा होता. टाकी उघडली तर वार्निशचा वास. कार्बोरेटरच्या तळाशी काकवीसारखा चिकट थर, जेट बुजलेले. पंपाचा पडदा कडक झालेला, पाइप बोटांत चुरा होणारे. "लोखंडाला काय हुत न्हाई. रबर मरतं," मिस्त्री म्हणाले. नवे पाइप इथेनॉलला टिकणारे घ्यावे लागले, कारण आताचं पेट्रोलही अण्णांच्या वेळचं राहिलेलं नाही. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. गादीसाठी त्यांनी अण्णांची सर्व्हिसिंगची वही कुरतडून वापरली होती. एका चिंधीवर 'ऑइल बदलले' एवढं वाचता आलं. तारीख उंदरांनी खाल्ली.

पॉइंट घासले, कॉइलचा करंट बघितला. चौथ्या दिवशी किल्ली परत मिळाली. गाडी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा धडधडली. प्लगच्या भोकात सोडलेलं ऑइल जळून गोठाभर निळा धूर झाला. आई पदराने नाक धरून दारात उभी राहिली, पण आत गेली नाही.

गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी जागची हलेना.

मागची दोन्ही चाकं जाम. अण्णांनी शेवटचा हँडब्रेक ओढला होता तो नऊ वर्षं तसाच, आणि ब्रेकचे शू गंजून ड्रमला चिकटलेले. गाडीतून उतरायच्या आधी "ओढलास का?" हे अण्णा मला सपाट अंगणातसुद्धा विचारायचे. मिस्त्रींनी हातोडीने ड्रम ठोकायला सुरुवात केली. धण्ण, धण्ण. ड्रम सुटायला आणि ब्रेकची सिलं बदलायला आणखी दोन दिवस गेले.

मग गावाबाहेरच्या पुलापर्यंत जाऊन आलो. गोठ्यात गाडी लावली, इंजिन बंद केलं, आणि हात आपसूक हँडब्रेककडे गेला.

"ऱ्हाऊ द्या," मिस्त्री म्हणाले आणि चाकामागे वीट सरकवली.

मी तरी थोडासा ओढलाच.