'सो व्हॉट' ऐकताना मोजायचं कुठून

आज परत ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं 'सो व्हॉट' (१९५९) लावलं. जॅझ डोक्यावरून जातं म्हणणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर नको. यात मूळ धून डबल बास (खर्जातलं मोठं, उभं तंतुवाद्य) वाजवतो आणि नेमका तोच गायब होतो. हेडफोन लावा.

सुरुवातीचा पियानो-बासचा तुकडा बिनठेक्याचा, तो जाऊ द्या. धून लागली की चार-चार मात्रांचे ३२ बार मोजा: आठ, पुन्हा तेच आठ, मग अर्धा सूर वर चढलेले आठ, परत खाली आठ. आवर्तन जेमतेम मिनिटभराचं. सोलो (एकेकाचं वादन) यावरच चालतात: माइल्सची दोन आवर्तनं, सॅक्सोफोनवर कोल्ट्रेनची दोन, कॅननबॉलची दोन, पियानोवर बिल एव्हान्सचं एक.

हिशेब चुकतो तो आवर्तन बदलताना. शेवटचे आठ आणि पुढचे सोळा मिळून सलग २४ बार एकाच सुरावर जातात, आणि तबल्यासारखी तिहाई घेऊन समेवर कुणी आणून सोडत नाही. मग वर चढणारा तुकडा पकडायचा, तिथून मोजणी पुन्हा लावायची. आणि टाळी पहिल्या मात्रेवर नको. हाय-हॅट (ड्रमची पायाने मिटणारी झांजांची जोडी) दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर मिटते, पाय तिथे पडू दे.

कोल्ट्रेनचा टेनर (खालच्या आवाजाचा सॅक्सोफोन) आणि कॅननबॉलचा ऑल्टो (त्याहून वरच्या आवाजाचा) लागोपाठ येतात, फरक लगेच कळतो. कॅननबॉलबद्दल आपल्याकडे उगाचच कमी बोललं जातं, असं माझं मत.