हमिंगबर्ड काढायचाय? आधी खांदा शोधा

पक्षी काढायला शिकायचंय, सुरुवात कुठल्या पक्ष्यापासून करू, असं कोणी विचारलं की मी हमिंगबर्ड सांगते. बऱ्याच जणांना हे उलटंच वाटतं. एवढासा जीव, सेकंदाला पन्नासेक वेळा पंख मारणारा, त्यात अंगावर ते चमचमणारे रंग, आणि हे नवशिक्याने काढायचं? पण कागदावर उतरवताना बघा ना, मान जवळजवळ दिसतच नाही, पाय इतके बारीक की उडताना पोटाच्या पिसांत गडप होतात, आणि चोच म्हणजे बहुतेक जातींत एक सरळ रेघ. लहान मुलं पक्षी काढताना सगळ्यात जास्त अडतात ती पायांशी, बोटं किती, पाय वाकतो कुठल्या बाजूला, आणि तिथेच खोडून खोडून कागदाला भोक पडतं. इथे ती भानगडच नाही. अवघड जागा दोनच, पंख नक्की कुठून निघतो आणि गळ्यावरची चमक कशी दाखवायची. बाकीचं एका बैठकीत जमतं, सहा-सात वर्षांच्या मुलालाही.

मी मुलांना चित्रं काढायला शिकवते, त्यामुळे हे सगळं मुलांना समोर ठेवूनच लिहितेय, पण मोठ्यांनी पहिल्यांदा पेन्सिल हातात घेतली असेल तरी रस्ता हाच.

सामान फार नको. एचबी पेन्सिल, एक तिच्याहून मऊ आणि गडद २बी पेन्सिल, मऊ खोडरबर, रंगीत पेन्सिली आणि जरा जाड कागद. समोर एक चांगला फोटो हवाच, आठवणीतून काढायला जाऊ नका. फोटो शोधताना एक सांभाळा, नेटवर हमिंगबर्ड म्हणून फिरणारे कितीतरी फोटो शिंजिराचे असतात. शिंजीरही लांब चोचीचा, चमकदार, फुलातला मध पिणारा, पण त्याचं कुळ पूर्ण वेगळं. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत, वर अलास्कापासून खाली दक्षिण टोकाच्या टिएरा डेल फ्वेगोपर्यंत, साडेतीनशेहून जास्त जाती. शिंजिराचे पाय चांगले दणकट दिसतात, चोच खाली वळलेली असते आणि तो शक्यतो देठावर बसून मध पितो. तुम्ही शिंजिराचा फोटो बघून हवेत तरंगणारा हमिंगबर्ड काढायला बसलात तर अंगाची ठेवणच जुळणार नाही.

पहिलं चित्र कुठल्या जातीचं? रुबी थ्रोटेड घ्या, म्हणजे ज्याच्या नराचा गळा माणकासारखा लाल चमकतो तो, फोटो भरपूर मिळतात. आणि पहिली मादी काढा, नर नाही. मादीचा गळा साधा पांढुरका असतो, म्हणजे ते लाल चमकीचं प्रकरण पुढे ढकलता येतं आणि आकाराकडे नीट लक्ष देता येतं. बसलेली मादी आधी, उडणारी नंतर.

आता पट्टी घ्या आणि कागदावर नऊ सेंटीमीटरची एक फिकट रेघ मारा, जरा तिरकी. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पक्षी एवढाच, म्हणजे तुम्ही चित्र खऱ्या मापाचं काढताय. मुलांना हे भयंकर आवडतं, वाघ कधी खऱ्या मापात वहीत मावणार आहे का! रेघेचा पहिला पाचवा भाग चोचीला. त्याच्या मागे एक छोटं गोल, डोकं. डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, घाबरून लहान करू नका. त्याला अगदी चिकटून, किंचित आत घुसलेलं एक लांबट अंडं, ते धड. मध्ये मान म्हणून जागा सोडायची नाही, गोल आणि अंडं पाठीकडून एका सलग रेघेने जोडायचं, गळ्याकडून दुसऱ्या. डोळा चोचीच्या मुळाच्या लगेच मागे, चोचीची रेघ मागे वाढवली तर ती साधारण डोळ्याच्या खालच्या कडेजवळून जाते. पुष्कळ मुलं डोळा गोलाच्या बरोब्बर मध्यभागी देतात आणि मग चित्र बाहुलीचं दिसतं, पक्ष्याचं नाही. डोळा पूर्ण काळा करा, त्यात कागदाचा पांढरा ठिपका एकच. चोच मात्र एका झटक्यात ओढायची, तुटक तुटक नाही, आणि तिच्या मधून केसासारखी बारीक रेघ, कारण वरची चोच आणि खालची चोच अशा दोन असतात, ती नळी नाही. मधही तो नळीने ओढल्यासारखा पीत नाही, जीभ बाहेर काढून पटापट चाटतो, जिभेचं टोक दुभंगलेलं असतं. हवं तर चोचीच्या टोकातून जिभेचा एक धागा बाहेर काढा.

बसलेल्या मादीचा पंख म्हणजे पाठीच्या कडेने शेपटीपर्यंत गेलेलं एक लांब पातं. पाय म्हणजे फांदीवर दोन-तीन बारीक वळणं. झालं.

खरी मजा पुढे, तरंगणारा हमिंगबर्ड. इथे थोडा वेळ पेन्सिल खाली ठेवा आणि उभे राहा. मी मुलांना खरंच उभं करते. हात बाजूला सरळ करा, कोपर न वाकवता. तळवा जमिनीकडे ठेवून हात पुढे आणा, आता मनगट फिरवून तळवा आभाळाकडे करा आणि तसाच हात मागे न्या, परत उलटा करून पुढे. हाताचं टोक हवेत आडवा आठ काढतंय, दिसतंय ना? हमिंगबर्ड हेच करतो. बाकीचे पक्षी मुख्यतः पंख खाली मारताना अंग उचलून धरतात आणि वर नेताना पंख मुडपून घेतात, याचा पंख मागे जातानाही काम करतो, तरंगताना अंग पेलायला जो जोर लागतो त्यातला साधारण पाऊण भाग पुढच्या फटक्यात मिळतो आणि पाव मागच्या. म्हणून तर तो एका जागी थांबू शकतो, मागेही उडू शकतो.

हे चित्राला का लागतं? कारण या पक्ष्याचं दंडाचं आणि कोपराचं हाड अगदी आखूड असतं, पंख जवळजवळ सगळा हाताच्या पंजाचाच, आणि तो खांद्यातून फिरतो. कबुतर काढताना पंखाला मध्ये जो कोपराचा मोड येतो तो इथे द्यायचाच नाही. पाठीच्या मध्यातून पंख निघालेलाही चालणार नाही, डोकं संपलं की लगेच खांदा, तिथे एक छोटा ठिपका द्या आणि पंखाची पुढची कड त्या ठिपक्यातून सुरू करा. एक ताणलेली, किंचित मागे वळलेली रेघ. तिच्यावर दहा लांब पिसं, सगळ्यात बाहेरचं बहुतेक सगळ्यात लांब, आणि अंगाकडे येत येत ती आखूड होतात, अंगाजवळची उरलेली पिसं तर अगदीच तोकडी. शिकवताना मी बाकी कशाचाही आग्रह धरत नाही, या ठिपक्याचा धरते. ठिपका चुकला की कितीही सुंदर रंगवा, पंख अंगाला चिकटवल्यासारखा दिसतो, आणि ठिपका जागेवर असला की साध्या चार रेघांतसुद्धा पक्षी हवेत उभा राहतो.

धड तिरकं ठेवा, शेपूट खाली, डोकं मात्र स्थिर. तरंगताना पंख कितीही वेगात असले तरी हा डोकं जागचं हलू देत नाही, म्हणून डोकं आणि डोळा या चित्रातली सगळ्यात कोरीव गोष्ट हवी.

पंख स्पष्ट काढायचे की धूसर, हा प्रश्न मुलं विचारतातच. दोन्ही खरं आहे. उघड्या डोळ्याला तिथे फक्त एक धूसर पट्टा दिसतो, एकेक पीस दिसतं ते कॅमेऱ्याच्या कृपेने. हॅरोल्ड एजर्टन या अमेरिकी अभियंत्याने १९३० च्या दशकात अतिशय झटपट लखलखणारा फ्लॅश वापरून हमिंगबर्डचे पंख फोटोत थांबवले. धूसर पंख काढायचा असेल तर २बीने खांद्यापाशी गडद सुरुवात करा आणि बोटाने किंवा कापसाने बाहेरच्या दिशेला ओढत न्या. आता एक बारकावा, अशा धूसर फोटोत त्या पट्ट्याच्या दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा जास्त गडद दिसतात, कारण फटका संपून दिशा बदलताना पंख क्षणभर थांबतो. त्या दोन कडांवर एकेक हलकी रेघ दिली आणि मधलं फिकटच सोडलं की वेग आपोआप दिसतो. भोवती कॉमिकमधल्यासारख्या सर्रकन रेघा माराव्या लागत नाहीत.

फूल आधी काढायचं का पक्षी? माझ्या मते फूल. लांबट नळीचं कुठलंही फूल, साल्व्हिया किंवा फुशिया छान. फुलाच्या नळीच्या मधून एक सरळ रेघ बाहेर आणा, ती चोच, आणि त्या रेघेला पुढे पक्षी लावा. उलट केलं तर हमखास चोच एकीकडे आणि फुलाचं तोंड भलतीकडे. चोचीचं टोक फुलाच्या आत गेलेलं असतं म्हणून ते दाखवू नका. आणि चोच-फुलाची जोडीही जमवता येते. सिकलबिल नावाच्या हमिंगबर्डची चोच कोयत्याइतकी वाकडी असते, हेलिकोनियाच्या तशाच वाकड्या फुलांसाठी. अँडीज पर्वतातल्या स्वोर्डबिलची चोच शेपूट सोडून उरलेल्या अंगापेक्षा लांब, ती जाते कृष्णकमळाच्या कुळातल्या लांबलचक नळीच्या फुलांत. तिची लांबी साधारण दहा सेंटीमीटर, आणि जगातला सगळ्यात छोटा पक्षी म्हणजे क्यूबातला बी हमिंगबर्ड, तो चोच-शेपूट धरून सहा सेंटीमीटरच्या आत-बाहेर. म्हणजे एकट्या चोचीच्या लांबीत दुसरा अख्खा हमिंगबर्ड मावतो! हे दोघं खऱ्या मापात एकाच पानावर काढायला लावा, मुलं नंतर प्रत्येक भेटणाऱ्याला ते पान दाखवत सुटतात.

आता नर. म्हणजे गळा.

लाल पेन्सिल घेऊन गळा सपाट रंगवला तर तो लाल मफलर दिसतो, कारण खरा गळा तसा लाल नसतोच. त्या पिसांत लाल रंगद्रव्य नाही. पिसांच्या आत मेलॅनिन या गडद रंगद्रव्याच्या अतिसूक्ष्म चपट्या चकत्या थरावर थर रचलेल्या असतात, त्यांत हवेचे बुडबुडे, आणि त्यांवरून प्रकाश परततो तेव्हा ठरावीक कोनातूनच तो लाल पेटतो. पक्ष्याने मान जराशी वळवली की तोच गळा काळा. म्हणून चमक काढायची तर आधी काळा काढायला शिकायचं. गळ्यावर छोटी छोटी गोलसर पिसं एकावर एक चढलेली हलकेच आखून घ्या. प्रकाश जिथे थेट पडतोय तिथली दोन-चार पिसं कोरी ठेवा, त्यांच्या कडांना थोडा पिवळा-नारिंगी, लगेच शेजारी दाबून लाल, आणि त्याला लागून एकदम गडद तपकिरी-काळा. इथे रंग एकमेकांत मिसळत न्यायचे नाहीत, उडी मारायची, उजेडातून थेट अंधारात. एरवी मी शेडिंग हळूहळू उतरवा म्हणून मागे लागते, पण या एका जागी ती सवय आड येते. पाठीच्या हिरव्यालाही हेच, फक्त उडी लहान, पोपटी, हिरवा, मग निळसर गडद.

ग्लिटर लावू का, असं विचारणारं एक तरी मूल असतंच आणि मी त्याला नाही म्हणत नाही, कारण हा खटाटोप जुना आहे. जॉन गूल्ड या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने १८४९ ते १८६१ या काळात हमिंगबर्डांच्या चित्रांचा मोठा ग्रंथ भागाभागाने काढला, त्यात ही चमक आणण्यासाठी सोन्याचा वर्ख लावून वर पारदर्शक रंग चढवलेले होते. आणि गंमत म्हणजे जिवंत हमिंगबर्ड त्याने पहिल्यांदा बघितला तो १८५७ मध्ये, अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्यावर, तोवर सगळं काम पेंढा भरलेल्या नमुन्यांवरून. त्याची युक्ती आपल्याला जमते, सोनेरी जेल पेनने गळ्याची मोजकी पिसं रंगवा, वाळू द्या, वरून पातळ लाल वॉटरकलर. चमक खाली आणि रंग वर, हा क्रम महत्त्वाचा. सगळ्या अंगावर ग्लिटर भुरभुरलं की मात्र उजेड कुठून येतोय तेच कळत नाही.

अगदी लहान मुलांना, चार-पाच वर्षांच्या, हे सगळं जड होतं. त्यांच्यासाठी घरट्यातली आई. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी बांधलेली छोटीशी वाटी, बाहेरून शेवाळासारख्या दगडफुलाचे तुकडे चिकटवलेले, आणि आत बसलेल्या मादीची चोच एका बाजूला वर, शेपूट दुसऱ्या बाजूला वर. पंखाचा प्रश्नच नाही. आत अंडी दाखवायची तर दोनच काढा, पांढरी.

आणि हात मोकळा करायचा असेल तर पेन्सिल न उचलता अख्खा हमिंगबर्ड काढून बघा. पेरूतल्या नाझ्का वाळवंटात जमिनीवर असाच एक कोरलेला आहे, दीड हजार वर्षांहून जुना, नव्वद मीटरहून लांब, चोचीपासून शेपटीपर्यंत एकाच रेघेत फिरवलेला. त्यात डोळा नाही, रंग नाही, आणि तरी तो हमिंगबर्डच आहे हे लहान मूलही ओळखतं.

रुबी थ्रोटेड जमला की पुढचा कुठला, तर मी स्पॅच्युलटेल सुचवेन, तोही पेरूचाच. हमिंगबर्डांच्या शेपटीत सहसा दहा पिसं असतात, याच्या शेपटीत चारच, आणि त्यातली दोन तारेसारखी लांब वळत जाऊन टोकाला निळी-जांभळी चकती. त्या दोन तारा नर हवेत स्वतंत्रपणे हलवतो, त्यामुळे दोन्ही सारख्या काढायची गरज नाही, एक वर, एक खाली, एकमेकांना ओलांडून गेल्या तरी चालतील. कागद आडवा घ्या आणि पक्षी एका कोपऱ्यात काढा, शेपटीला भरपूर जागा लागते.