पाण्यातली सुझुकी कपलिंग आणि आयसीपीच्या रिपोर्टची वाट

सिलिकावर पॅलेडियम बसवलं, पाण्यात सुझुकी कपलिंग (पॅलेडियमच्या मदतीने दोन कार्बनी रेणू जोडणारी रिॲक्शन) चालली, यील्ड, म्हणजे हाती आलेलं प्रॉडक्ट, छान, फिल्टर करून तोच कॅटॅलिस्ट पुन्हा पुन्हा वापरला, दर वेळच्या यील्डचा तक्ता बघून मी खूश. गाइड म्हणाले, पॅलेडियम सिलिकावरच बसून काम करतंय की पाण्यात उतरून, ते आधी दाखव. शंका रास्तच होती. धातूशिवाय सुझुकी होते असा 2003 चा एक दावा 2005 मध्ये त्याच ग्रुपने मागे घेतला, कारण बेस म्हणून घातलेल्या सोडियम कार्बोनेटमध्येच 50 पीपीबीच्या (अब्जात 50 भाग) आसपास पॅलेडियम निघालं.

मग लीचिंग, म्हणजे पॅलेडियम पाण्यात किती उतरलं, ते बघायला आयसीपी (प्लाझ्मा वापरून धातू मोजणारं यंत्र), आणि तिथेच सगळं अडकलं. फॉर्मवर एक रकाना, 'धातूचं अंदाजे प्रमाण'. अहो, तेच तर मोजायला देतेय ना! कसाबसा आकडा टाकला तर काही दिवसांनी सॅम्पल परत, म्हणे यात ऑरगॅनिक आहे, प्लाझ्मा बिघडतो, डायजेस्ट करून (ॲसिडमध्ये तापवून ऑरगॅनिक संपवून) आणा. हे फॉर्मवरच छापलं तर काय बिघडतं? डायजेस्ट करून, 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढून दिलं तर पॅलेडियमचं स्टँडर्ड (तुलनेसाठी लागणारं माहीत प्रमाणाचं द्रावण) संपलेलं. स्टँडर्ड आल्यावर रांगेत परत शेवटून. विचारायला गेलं की एकच उत्तर, 'मेल येईल.' (डायजेस्ट करताना, प्रॉडक्ट काढायला वापरलेलं इथाइल ॲसिटेट आधी पूर्ण उडवा, गरम नायट्रिक ॲसिडशी त्याची गाठ घालू नका, आणि काम वाफा ओढून घेणाऱ्या हूडमध्येच करा.)

त्या रिकाम्या वेळात हॉट फिल्ट्रेशन उरकलं, त्याला कुणाची सही लागत नाही. रिॲक्शन अर्धवट झाली की गरम असतानाच गाळायचं, थंड होऊ दिलं तर विरघळलेलं पॅलेडियम परत सिलिकावर बसतं आणि टेस्ट उगाच पास होते. गाळलेलं पाणी तसंच तापवत ठेवलं, कन्व्हर्जन (सुरुवातीच्या मालापैकी किती बदलला ते) जागचं हललं नाही, म्हणजे पाण्यात उतरलेलं पॅलेडियम काम करत नव्हतं. जाम भारी वाटलं. शेवटी रिपोर्टही आला, पॅलेडियम डिटेक्शन लिमिटच्या खाली, पण नुसत्या त्यावर विसंबू नका, सुझुकीला पीपीबीतलं पॅलेडियमसुद्धा पुरतं.

हां, तक्त्याचं राहिलंच. रिॲक्शन पूर्ण होऊ देऊन यील्ड लिहिलं तर मरत आलेला कॅटॅलिस्टही ठणठणीत दिसतो, म्हणून दर वेळी अर्ध्यावर थांबवून कन्व्हर्जन बघा. बेस घालून पाणी तापवलं की सिलिका हळूहळू विरघळते, तेव्हा जास्त वेळा वापरायचं असेल तर कार्बन किंवा पॉलिमरचा सपोर्ट बघा. आणि प्रॉडक्ट काढायला भरमसाट इथाइल ॲसिटेट ओतणार असाल तर 'पाण्यातली ग्रीन पद्धत' असं नाव देताना जरा जपून.