गनबोट फिलाडेल्फिया (1:24): नाळेकडची फळी अखेर बसली

फिलाडेल्फिया या जुन्या अमेरिकी लढाऊ बोटीचं 1:24 मापाचं लाकडी मॉडेल मी बनवतोय. तिच्या डाव्या बाजूची तळालगतची फळी न चिरता नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, टेकली! मागच्या अपडेटपासून काम तिथेच अडलं होतं.

1776 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या स्कीन्सबरोला बांधलेल्या या गनबोटींचा (तोफा असलेल्या छोट्या लढाऊ बोटींचा) तळ सपाट. बाजू त्याला कोनात भेटते. मध्यावर बाहेर कललेली, नाळेशी उभी. त्यामुळे फळीला बाकही हवा आणि पीळही. 8×2 मिमीची सरळ पट्टी पुढे जाताना वर चढते. दाबून खाली आणली, की खालची कड सांगाड्याच्या फासळ्यांवरून सुटते. भिजवूनही उपयोग नाही, कारण कडेच्या अंगाने लाकूड वाकत नाही.

उपाय एकच: फळी आकारातच कापायची. फासळ्यांवर मास्किंग टेप लावा, प्रत्येक फासळीवर दोन्ही कडांच्या खुणा करा, टेप अलगद काढून 25 मिमी रुंद तक्त्यावर चिकटवा आणि खुणेबाहेर अर्धा मिमी ठेवून कापा. फळी केळ्यासारखी निघते. बोटीवर मात्र तिची रेषा सरळ दिसते.

पीळ शेवटच्या 90 मिमीत. तेवढंच टोक गरम पाण्यात 20 मिनिटं ठेवून साच्यावर पिळायचं, हव्या त्यापेक्षा थोडं जास्तच, कारण ते उलगडतं. पूर्ण वाळल्याशिवाय गोंद नको, नाहीतर लाकूड आकसून फट पडते. पावसाळ्यात दोन रात्री धरा. पकडायला स्टेशनरीच्या दुकानातल्या बाइंडर क्लिपा महागड्या क्लॅम्पपेक्षा सरस.

लाकूड शिवण झाडाचंच. सागाचे रेषे या मापाला फार भरड दिसतात, शिवाय तेलामुळे गोंदही नीट धरत नाही. तयार पट्ट्यांची जाडी कॅलिपरने तपासल्याशिवाय घेऊ नका. एकाच गठ्ठ्यात 1.7 ते 2.2 मिमी सापडते.

नाळेवरच्या 12 पौंडी (12 पौंडाचा गोळा टाकणाऱ्या) तोफेचे गोळेही जमले. सायकलच्या पुढच्या हबमधले 3/16 इंची छर्रे, म्हणजे 4.76 मिमी, 1:24 च्या हिशेबाने हवेत 4.7 च्या आसपास. काळे केले की झकास दिसतात.

उजवी बाजूही पूर्ण मढवायची होती. पण 1935 मध्ये लेक शॅम्प्लेनच्या तळातून वर काढलेल्या मूळ बोटीचे फोटो पुन्हा बघताना वाटलं, आतली बांधणी झाकणं अन्याय आहे. उजवीकडच्या वरच्या दोन फळ्या आता लावणार नाही. डावीकडे कठड्याला बंदुकीच्या गोळ्यांपासून आडोसा म्हणून काटक्यांच्या मोळ्या येतील. त्यासाठी खराट्याचे हीर 60 मिमीचे कापून ठेवलेत. बांधायला 0.25 मिमी दोरा पुरेल, पण आधी मेण लावून त्याची लव बसवायला हवी.