अर्ध्या वाटेवरून परत

रविवारी पहाटे सव्वापाच वाजता हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाच्या, म्हणजे नाशिककरांच्या गोल्फ क्लबच्या, फाटकाशी मी बुटांच्या नाड्या तिसऱ्यांदा सोडून पुन्हा बांधत होते, आणि त्या नाड्यांत काहीही बिघडलेले नाही हे मला पक्के ठाऊक होते. बत्तीस किलोमीटर पळायचे असले की पहिले पाऊल टाकण्यापूर्वी जेवढी म्हणून कामे उकरून काढता येतील तेवढी माणूस काढतो. मी घड्याळाचा पट्टा एक भोक मागे घेतला, मग पुन्हा पुढे घेतला, आणि थंडी दहा-अकरा अंशांची असल्यामुळे कानटोपी घालावी की न घालावी या प्रश्नाला त्याच्या योग्यतेपेक्षा जास्त वेळ दिला.

फेब्रुवारीच्या शेवटी होणाऱ्या मॅरेथॉनसाठी सोळा आठवड्यांचा जो सराव मी आखून घेतला होता, त्यातला हा सर्वांत लांबचा पल्ला होता. पळणाऱ्यांच्या भाषेत याला लाँग रन म्हणतात, आणि तो मुद्दाम स्पर्धेच्या वेगापेक्षा सावकाश धावायचा असतो. वाट मी त्र्यंबक रस्त्याची निवडली होती. सोळा किलोमीटर जायचे आणि सोळा यायचे. गंगापूर रस्ता अधिक रम्य आहे यात शंका नाही, परंतु तिकडे सोमेश्वरला थांबावेसे वाटते, पुढे धरणाचे पाणी बोलावते, आणि माझ्यासारख्या कच्च्या निश्चयाच्या बाईला इतकी प्रलोभने परवडत नाहीत. त्र्यंबकचा रस्ता सरळ आहे. सोळा किलोमीटर बाहेर गेलेल्या माणसाला घरी येण्यासाठी तेवढेच अंतर परत कापावे लागते, त्यात घासाघीस चालत नाही, असा माझा समज होता.

चूक मी पहिल्याच तासात केली, आणि ती चूक आहे हे मला करतानाही कळत होते. अंधार, गारवा, मोकळा रस्ता आणि आठवडाभर राखून ठेवलेले पाय, असा योग जुळून आला की वेग आपोआप वाढतो. किलोमीटरला सव्वासात मिनिटे लावायची असे ठरलेले असताना घड्याळ मनगटावर थरथरून सहा मिनिटे चाळीस सेकंद दाखवत होते, आणि मी त्या आकड्याकडे पगारात चुकून आलेल्या जास्तीच्या रकमेकडे पाहावे तशी पाहत होते. रक्कम परत द्यावी लागणार, हे अशा वेळी समजते पण पटत नाही. त्यात हा रस्ता नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे हळूहळू चढत जातो. ही चढण डोळ्यांना फारशी दिसत नाही, पोटऱ्यांना मात्र समजते.

महिरावणी मागे टाकून ठरलेल्या जागी मी वळले, तेव्हा सात वाजून गेले होते आणि अंजनेरीचा डोंगर अंधारातून नुकता सुटा होत होता. वळल्यावर दोन गोष्टी एकदम लक्षात आल्या. पहिली म्हणजे परतीची वाट पूर्वेकडे जाते, त्यामुळे नुकताच उगवलेला सूर्य आता शेवटपर्यंत थेट डोळ्यांत राहणार होता. दुसरी अधिक वाईट होती. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी ज्या दिशेने उतरत नाशिकला येते त्याच दिशेने आपणही उतरणार, तेव्हा परतीचे सोळा किलोमीटर अलगद होतील, या भरवशावर मी सकाळपासून होते. परंतु नदीला मांड्या नसतात. उतारावर प्रत्येक पावलाला शरीराचा भार झेलताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच आकसण्याचे काम करतात, आणि स्नायूंना सर्वांत जास्त दुखापत करणारे काम ते हेच. विसाव्या किलोमीटरपर्यंत माझ्या मांड्यांनी हे मला नीट समजावून सांगितले.

तिथेच आमचे हे स्कूटर घेऊन उभे होते. खजूर, गुळशेंगदाण्याची चिक्की आणि मीठ-साखर घातलेले लिंबाचे पाणी अशी सगळी शिदोरी त्यांनी डिकीवर मांडून ठेवली होती. मी पाणी पीत असताना त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि फक्त एवढेच विचारले, "बसतेस का मागे?" प्रश्न प्रेमाचा होता आणि म्हणूनच घातक होता. त्या सकाळी त्या मागच्या सीटइतकी सुंदर वस्तू त्र्यंबक रस्त्यावर दुसरी नव्हती. "तुम्ही पुढे व्हा, अहो," असे मी म्हणाले, ते धैर्यामुळे नव्हे. आणखी अर्धा मिनिट ती सीट समोर राहिली असती तर मी बसले असते, एवढेच त्याचे कारण.

पुढे एका वस्तीपाशी दहा-बारा वर्षांची एक मुलगी पायांत स्लिपर आणि हातात दुधाची किटली घेऊन माझ्या बाजूने पळू लागली. मला बोलता येत नव्हते. ती मात्र किटली न हिंदकळू देता मी कुठून आले, बूट केवढ्याला पडले, असे सगळे विचारत होती, आणि तिचे घर आले तेव्हा ती माझ्या पुढे होती. याच डोंगराळ भागातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतराचे रौप्य पदक मिळवले, आणि ती 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणून ओळखली गेली, हे मला वाचून माहीत होते; परंतु वाचलेले पटायला कधीकधी एक किटली लागते.

मग दिंडी दिसली. पौष वद्य एकादशी जवळ आली होती, आणि संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकच्या वाटेला लागल्या होत्या. पुढे पताका, मध्ये टाळकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, आणि सगळ्यांच्या मागून सामानाचा टेम्पो. ती सगळी माणसे पश्चिमेकडे चालली होती आणि त्या संपूर्ण रस्त्यावर पूर्वेकडे तोंड करून जाणारी मी एकटीच होते. एक वयस्क वारकरी माझ्याकडे पाहून थांबले, त्यांनी हात जोडले आणि मनापासूनच्या काळजीने म्हणाले, "माऊली, देव तिकडं हाये. तुम्ही कुठं निघालात?" मला हसू आले आणि हसल्यामुळे बरगडीखाली चमक आली. उत्तर द्यायला दम नव्हता, आणि खरे सांगायचे तर उत्तरही नव्हते.

सत्ताविसाव्या किलोमीटरनंतर सातपूरच्या अलीकडे मी रिकामी झाले. याला पळणारे भिंत म्हणतात, आणि तिचे गणित साधे आहे. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे राखून ठेवलेली साखर, साठलेले असते, म्हणजे ढोबळमानाने दोन हजार किलोकॅलरी. आणि साठ किलोच्या माणसाला एक किलोमीटर धावायला साधारण साठ लागतात. काही भार चरबी उचलते, परंतु वेग वाढवला की ती मागे राहते आणि ग्लायकोजेनच भराभर जळते. माझ्या पहिल्या तासाची उधळपट्टी आता वसुलीला आली होती. पाय दुखत होते असे म्हणणे बरोबर होणार नाही; पाय होते, पण ते माझे ऐकत नव्हते.

इथे मात्र घासाघीस सुरू झाली. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात मेथीच्या जुडीसाठी करतात तशी, दोन्ही बाजू एकमेकींना ओळखून असलेली. त्या कडुनिंबापर्यंत पळू, मग चालू. कडुनिंब आल्यावर तो तसा लहानच आहे असे ठरले, म्हणून पेट्रोल पंपापर्यंत. मग पुढच्या सिग्नलपर्यंत, आणि सिग्नल हिरवा निघाला ही तर सरळ फसवणूक होती. मधेच एक किलोमीटरचा दगड आला, पण दगडाचे नाशिक आणि माझे नाशिक एक नव्हते. त्याचा आकडा घड्याळाशी जुळेना, आणि त्या तफावतीवर मी चांगले तीनशे मीटर मनातल्या मनात भांडले. तेवढे अंतर फुकटात कटले. मग आठवले की स्पर्धेच्या दिवशी या जागेपासून आणखी दहा-बारा किलोमीटर उरलेले असतील, आणि त्यांच्या शेवटी ते १९५ मीटर. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या कक्षापुढपर्यंत अंतर मोजले आणि १९२१ मध्ये तेच ४२.१९५ किलोमीटर कायमचे ठरले. त्या राजघराण्याविषयी त्या क्षणी माझ्या मनात जे आले ते इथे लिहिण्याजोगे नाही.

गोल्फ क्लबच्या फाटकाशी पोहोचले तेव्हा घड्याळात ३१.७ होते. एखाद्या शहाण्या माणसाने तिथे थांबून घर गाठले असते. मी मैदानाच्या ट्रॅकवर वळले आणि सकाळी फिरायला आलेल्या आजोबा-आजींच्या मागोमाग, त्यांच्यापैकी दोघांनाच मागे टाकत, उरलेले तीनशे मीटर पुरे केले.

घरी जिना चढणे जमले. मांड्यांची खरी तक्रार उतरण्याबाबत असते, ती दुसऱ्या दिवशी मी जिना उलटी उतरले तेव्हा कळली. सासूबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी आयुष्यात तीन वेळा श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी केलेली आहे, त्यामुळे अंतराच्या बाबतीत त्यांच्यावर छाप पाडणे अवघड जाते.

"कुठवर गेली होतीस?" त्यांनी विचारले.

"महिरावणीच्या पुढे. त्र्यंबकच्या रस्त्याला."

"मग त्र्यंबकला जाऊन आलीस?"

"नाही. अर्ध्या वाटेवरून परत आले."

त्या थोडा वेळ माझ्या पायांकडे पाहत राहिल्या. मग उठल्या, आत जाऊन कोमट पाण्याची बादली घेऊन आल्या, तिच्यात मूठभर खडेमीठ टाकले आणि म्हणाल्या, "एवढं गेलीच होतीस, तर दर्शन तरी घेऊन यायचंस."